शनिवार-रविवार मुंबईत: आधी तिथी पाहा, मग बेत ठरवा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सुट्टीच्या दिवशी मुंबईत काय पाहावं, कुठे धावावं, मुलांना कुठे न्यावं, अशी पत्रं या महिन्यात बरीच आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. बहुतेक बेत फसतात ते वेळेच्या हिशेबात. या शहरात रविवार दोन वेळापत्रकांवर चालतो, एक समुद्राचं आणि दुसरं रेल्वेचं. दोन्ही आधी कळू शकतात, म्हणून उत्तरांमध्ये त्यांच्यावरच भर आहे.

प्रश्न: माझी मुलगी चौथीत आहे. तिला ओहोटीच्या वेळी खडकांतले जीव दाखवायचे आहेत. गेल्या रविवारी दहा वाजता हाजीअलीला गेलो तर सगळीकडे पाणीच होतं. ओहोटी नेमकी कधी असते हे कसं ओळखायचं? (एक पालक, घाटकोपर)

उत्तर: कालनिर्णय भिंतीवर असेल तर अर्धं काम झालं. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा: त्या दिवसाची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास भरती. भरतीपासून ओहोटी सव्वासहा तासांवर असते, म्हणून त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी सव्वासात ते पावणेआठच्या दरम्यान पाणी सर्वांत खाली असेल. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचं. तेव्हा भरती सव्वाअकराच्या सुमारास येते. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाची चूक होते, म्हणून महिन्याचा बेत तिथीवरून ठरवा आणि आदल्या दिवशी मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ पक्की करा. तक्त्यात वेळेसोबत पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. खडकांतलं काही पाहायचं असेल तर ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या आत हवी.

नुसती वेळ जुळून भागत नाही, पक्षातला दिवसही जुळावा लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती-ओहोटी असते. पाणी खूप चढतं आणि तितकंच दूर जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची असते; तेव्हा ओहोटी होऊनही खडक नीट उघडे पडत नाहीत. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चतुर्थीपर्यंतचा रविवार धरा. महिन्यात असे एक-दोन रविवार मिळतात, आणि सकाळची वेळ मुलांना सोयीचीही पडते.

सर्वांत खालच्या पाण्याच्या तासभर आधी पोहोचा. पाणी मागे हटताना पाहत पुढे जायचं आणि ते वळलं की आपणही वळायचं. ही शिस्त मोडू नका, कारण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढत्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. पहिल्या तासात फारसं काही घडत नाही, म्हणून माणसं निर्धास्त होतात. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मधल्या दोन तासांत दोन मीटर पाणी चढतं. खडकाळ जागी ते समोरून येण्याआधी मागच्या घळींमध्ये भरतं आणि परतीची वाट बंद होते.

पायांत चप्पल नको. तळ खरबरीत असलेले बंद बूट हवेत, कारण खडकांवरच्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात आणि शेवाळावर पाय सरकतो. हाजीअलीच्या खडकांत समुद्रफुलं, छोटे खेकडे, रिकाम्या शंखात राहणारे खेकडे आणि नशीब असेल तर रंगीत बिनशंखाच्या गोगलगाई दिसतात. जुहूच्या वाळूत वेगळं जग आहे: वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी मांडणारे खेकडे, शिंपले, वाळूखालून सरकणाऱ्या शंखांच्या रेघा. पहिल्या खेपेला लहान मुलांना जुहूच बरं.

उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवायचा, कारण त्याच्या खालची ओल हेच तिथल्या जिवांचं घर असतं. सुळक्यासारखा निमुळता, नक्षीदार शंख जिवंत असेल तर हात लावू नका. त्यातल्या काही जातींचा दंश विषारी असतो. प्रवाळाला तर मुळीच नको. मुंबईच्या किनाऱ्यालाही प्रवाळ आहे आणि तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. सागरी किनारा रस्त्याच्या कामात २०२० साली हाजीअली आणि वरळीजवळच्या १८ प्रवाळ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा कुठे पुष्कळांना त्या तिथे आहेत हे कळलं. सोबत जाणकार हवा असेल तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाच्या किनारफेऱ्यांवर लक्ष ठेवा. २०१७ पासून ही मंडळी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या जिवांच्या नोंदी करत आहेत. जून ते सप्टेंबर मात्र हा बेत नको. लाटा खडकांवर आदळत असताना ओहोटीची वेळ हाताशी असून उपयोग नसतो.

प्रश्न: पावसाळ्यात चौपाटीवर निळ्या फुग्यासारखे जीव वाहून येतात. मुलाच्या पायाला एक लागला, तेव्हा कुणी लिंबू चोळा म्हणालं, कुणी गोडं पाणी ओता. बरोबर काय? (एक आई, गिरगाव)

उत्तर: दोन्ही नको. चोळल्याने कातडीवर उरलेल्या दंशपेशी फुटतात, आणि गोड्या पाण्यानेही तेच होतं. समुद्राच्याच पाण्याने जागा धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय वीस-तीस मिनिटं ठेवा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा छातीत आवळल्यासारखं झालं तर थेट रुग्णालय गाठा. वाळूवर पडलेला निळा फुगा मेलेला दिसला तरी त्याचे धागे दंश करतात.

पाकटाचं, म्हणजे काटेरी शेपटीच्या चपट्या माशाचं, प्रकरण वेगळं. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना त्याचे दंश झाले होते. हा मासा उथळ पाण्यात वाळूत बसून राहतो आणि वर पाय पडला की शेपटी मारतो. पाण्यात शिरताना पाऊल उचलून टाकू नका, वाळूत घासत पुढे न्या. धक्का लागताच तो स्वतःहून सरकतो. दंश झालाच तर गरम पाण्याचा उपाय इथेही चालतो आणि वेदना बऱ्याच उतरतात. पण काट्याचा तुकडा आत राहू शकतो, जखम चिघळू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन टाळू नये.

प्रश्न: आमच्या सोसायटीतली तीस-पस्तीस माणसं एका रविवारी किनारा साफ करायला येतील. तयारी काय करावी? (एक सचिव, अंधेरी)

उत्तर: वेळ ओहोटीची, शक्यतो उधाणाच्या भरतीनंतरची, तेव्हा भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याची सलग रेघ हाती लागते. सुरुवात साडेसातच्या आत, काम दोन तास, त्यापुढे ऊन माणसाला थकवतं. हातमोजे रबरी तळव्याचे घ्या. दवाखान्यातले पातळ मोजे पहिल्याच काचेला फाटतात. गोणपाट माणशी एक आणि वर दहा जास्त. सुया-सिरिंज उचलायला दोन-तीन लांब चिमटे आणि जाड झाकणाचा डबा वेगळा ठेवा, आणि ते काम मोठ्या माणसांकडेच द्या.

खरी मेहनत वाळूत रुतलेल्या नायलॉनच्या दोऱ्यांना आणि पोत्यांना लागते. एकट्याने हिसका मारून ओढलं की पाठ धरते. आधी फावड्याने बाजूची वाळू मोकळी करा आणि मग दोघांनी मिळून उपसा. शंख, शिंपले आणि वाळलेलं शेवाळ उचलू नका, तो कचरा नाही. मुख्य म्हणजे भरलेल्या गोणी कोण, कुठून, किती वाजता नेणार हे महापालिकेच्या विभाग कार्यालयाशी आधीच बोलून घ्या. हे राहिलं तर पुढच्या भरतीत सगळं पुन्हा समुद्रात जातं. वर्सोव्याला अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेलं काम टिकलं ते दर आठवड्याच्या सातत्याने. तुमच्या तीस माणसांपैकी दहा जणांना जरी महिन्यातून एकदा येता आलं तरी एकाच किनाऱ्याचा एकच पट्टा धरून ठेवा.

प्रश्न: मुलगा १५ वर्षांचा आहे, तरणतलावात दोन किलोमीटर सहज पोहतो. त्याला संकरॉक (बंदरातला दीपस्तंभ) ते गेटवे या समुद्री शर्यतीत उतरायचं आहे. तयारी पुरेशी आहे का? (एक वडील, दादर)

उत्तर: ती शर्यत पाच किलोमीटरची. तलावातले दोन किलोमीटर म्हणजे दर पंचवीस किंवा पन्नास मीटरला भिंतीला पाय मारून मिळणारी विश्रांती. समुद्रात भिंत नाही. आठवड्यातून एकदा तरी न थांबता चार किलोमीटर पोहता आलं पाहिजे, आणि त्यातला काही भाग भिंतीला न टेकता, मध्येच वळून पोहायचा.

दुसरी तयारी दिशा पाहण्याची. गढूळ पाण्यात खाली पट्टा दिसत नाही, म्हणून दर आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्यावर काढून समोरची खूण पाहायची. मान पूर्ण वर काढली की कंबर बुडते आणि वेग जातो. मगरीसारखे फक्त डोळे वर यायला हवेत. हे तलावातच शिकता येतं. काखेत, मानेला आणि पोशाखाच्या कडांना व्हॅसलीन भरपूर लावा. खाऱ्या पाण्यात कातडी सोलते आणि ते मग पुढचा आठवडाभर चुरचुरतं. सोबतच्या होडीला किंवा होडीतल्या माणसाला धरलं की शर्यतीतून बाद, हे त्याच्या मनात पक्कं असू द्या. त्याचबरोबर पोटरीत गोळा आला, श्वास बिघडला तर हात वर करून होडी बोलावणं हीच हुशारी आहे, हेही घरातून आधी सांगा. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून मुलं हात वर करत नाहीत आणि तिथे धोका वाढतो.

थंडीची काळजी नको. मुंबईच्या समुद्राचं पाणी जानेवारीतही फार गार नसतं. प्रश्न प्रवाहाचा असतो. बंदरात पाणी भरतीला आत आणि ओहोटीला बाहेर ओढतं, त्यामुळे समुद्री पोहण्याच्या वेळा त्यावरच बेततात. धरमतर ते गेटवे हे साधारण ३६ किलोमीटरचं अंतर पोहणारेही खाडीतून बाहेर नेणारी ओहोटी साधूनच निघतात. शर्यतीआधी अनुभवी प्रशिक्षक आणि होडी सोबत घेऊन समुद्रात तीन-चार वेळा सराव झालाच पाहिजे. तो झाला नसेल तर हे वर्ष सोडा, पुढच्या वर्षी उतरू द्या.

प्रश्न: वय ४३. जानेवारीतली मुंबईची अर्धमॅरेथॉन पहिल्यांदाच धावणार आहे. मुलुंडला राहते. शेवटचे पाच-सहा किलोमीटर सगळ्यांना जड का जातात? (एक वाचक)

उत्तर: तीन कारणं: दमटपणा, पेडर रोड आणि सी लिंकवरचा उत्साह.

२००४ पासून ही स्पर्धा भरते आणि अलीकडे ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, माहीमहून सुरू होऊन सी लिंकवरून वरळी, हाजीअली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह असं करत दक्षिण मुंबईत संपत आली आहे. मार्गात बदल होतात, तेव्हा यंदाचा नकाशा पाहून ठेवा. सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही. पहाटेचा वारा, समुद्र, दिवे, आणि पाय आपोआप वेगात पडतात. पुलाला हलके चढउतार आहेत ते तेव्हा कळत नाहीत. तिथे ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद मुद्दाम हळू जा. मग निम्म्याहून अधिक अंतर संपल्यावर पेडर रोडचा चढ येतो. चढावर पावलं आखूड करा, हात हलवत ठेवा आणि घड्याळाकडे पाहू नका. दम सारखा राहिला की पुरे. गेलेला वेळ केम्प्स कॉर्नरच्या उतारावर धडाधड भरून काढायला गेलात तर मांड्या भरतात आणि मरीन ड्राइव्हचा सपाट रस्ता संपता संपत नाही.

मुलुंडहून येऊरचा चढ जवळ आहे. नोव्हेंबरपासून दर पंधरवड्याला एक लांब पल्ला तिथे करा. बाकीचे लांब पल्ले दर रविवारी दीड-दोन किलोमीटरने वाढवत १८ पर्यंत न्या आणि शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा. त्या दोन आठवड्यांत जास्त पळून काहीच कमावता येत नाही, दुखापत मात्र होते. पाणी दर वीस मिनिटांनी पाऊण ते एक पेला, आणि त्यातलं एखादं मीठ-साखरेचं. प्रत्येक टेबलावर पोटभर साधं पाणी प्यायल्याने रक्तातलं मीठ उतरतं, भोवळ येते आणि माणूस ते तहानेचं लक्षण समजून आणखी पितो. बूट किमान ८० किलोमीटर पळालेले असावेत. कोरे बूट त्या दिवशी नकोत.

छातीवर लावायचा क्रमांक आदल्या दिवसांत ठरलेल्या ठिकाणी जाऊन घ्यावा लागतो, शर्यतीच्या पहाटे मिळत नाही. त्या पहाटे रस्ते बंद असतात, तेव्हा माहीमला टॅक्सीच्या भरवशावर निघू नका. दादर-माहीम भागात कुणी नातेवाईक असतील तर आदल्या रात्री त्यांच्याकडे मुक्काम हा सर्वांत निवांत मार्ग.

प्रश्न: कांगा लीगबद्दल वडिलांकडून खूप ऐकलं. आता पाहायला जावं का? तिकीट असतं का? (एक क्रिकेटप्रेमी, ठाणे)

उत्तर: तिकीट नाही, फक्त पावसाची तयारी हवी. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा १९४८ पासून मुंबईच्या पावसाळ्यात रविवारी खेळली जाते. खेळपट्टी झाकलेली नसते, म्हणून चेंडू कधी थांबून येतो, कधी उडतो. बाहेरचं गवत वाढलेलं आणि ओलं असल्याने जमिनीलगतचा सुंदर फटकाही तीस यार्डांवर मरतो. त्यामुळे फलंदाजाला चेंडू उचलावाच लागतो आणि झेल जातात. धावसंख्या लहान, पण एकेका धावेचं मोल मोठं. फलंदाजाचं तंत्र खरं किती पक्कं आहे ते या ओल्या मैदानावर उघडं पडतं, म्हणून मुंबईच्या क्रिकेटला या स्पर्धेचा इतका आदर आहे.

रात्री धो-धो पाऊस झाला असेल तर सकाळी पंच पाहणी करून सामना रद्द करू शकतात. हंगामही पावसाप्रमाणे पुढे-मागे होतो. मुंबई क्रिकेट असोसिएशनचं वेळापत्रक पाहा आणि दहानंतर निघा. आझाद मैदान सोयीचं: सीएसएमटीपासून चालत पाच-सात मिनिटं आणि एकाच मैदानात २२ खेळपट्ट्या. तेंडुलकर-कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात याच मैदानावर झाली. पण तिथे उभं राहायची जागा जपून निवडा. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो आणि तुम्ही पाहत नसलेल्या सामन्याचा चेंडू पाठीमागून येतो. संघांच्या तंबूलगत, मैदानाकडे तोंड करून बसा. गोलंदाजाच्या पाठीमागे छत्री उघडू नका, पंच हात करून हटवतील.

प्रश्न: कल्याणहून रविवारी चारच्या प्रयोगाला दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात जायचं म्हटलं की मेगाब्लॉक आडवा येतो. दोनदा पहिला अंक अर्धा हुकला. काय करावं? (एक नाट्यवेडं जोडपं)

उत्तर: मध्य रेल्वेचा ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवणं, रविवारी साधारण अकराच्या सुमारास सुरू होऊन चारपर्यंत चालतो, म्हणजे तुमच्या प्रवासाची वेळ आणि त्याची वेळ एकच. मुख्य मार्गावर तो बहुधा माटुंगा ते मुलुंडच्या टप्प्यात असतो. जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवतात आणि त्या पंधरा-वीस मिनिटं उशिरा धावतात. पण खरी गोची दोन गाड्यांमधलं अंतर वाढल्याने होते. एक सुटली की पुढचीत चढता येत नाही. घोषणा शुक्रवार-शनिवारी होते, तेवढी नक्की वाचा. ब्लॉक असेल तर दीडची गाडी पकडा, दादरला तीनच्या आसपास उतराल. शिवाजी मंदिर पश्चिमेला, प्लाझासमोर, स्थानकापासून चालत सात-आठ मिनिटं. तिसऱ्या घंटेआधी चहाही होईल.

आमचा सल्ला मात्र वेगळा आहे. रात्री आठच्या प्रयोगाला जाताना ब्लॉक संपलेला असतो. किंवा थोडं थांबा: दादरला चालणारं नाटक काही आठवड्यांत कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात, डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनला येतंच. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत पुढच्या आठवड्याचे प्रयोग छापतात. ते पाहून प्लॅन (आगाऊ तिकीटविक्री) खुला होईल त्या दिवशी तिकीट काढा. पाचवी ते नववी रांग, मधली जागा. पहिल्या दोन रांगांत मान दुखते आणि नटांचे पाय रंगमंचाच्या कडेआड जातात.

जुहूच्या पृथ्वी थिएटरला जायचं झालं तर तिथे नियम कडक आहे. खुर्च्यांना क्रमांक नाहीत, जो आधी आत जाईल त्याची जागा, आणि प्रयोग सुरू झाल्यावर प्रवेश नाही. कल्याणहून तिथे जाताना हातात मोकळा तास हवाच.

प्रश्न: आईला वॉकर लागतो. काळा घोडा महोत्सव तिला दाखवायचा आहे, मला सुट्टी फक्त रविवारी. शक्य आहे का? (एक मुलगा, मरोळ)

उत्तर: शक्य आहे, सकाळी. जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस हा कला महोत्सव असतो, प्रवेश मोफत, आणि म्हणूनच रविवारी चारनंतर तिथे वॉकर फिरवायला जागा उरत नाही. मांडणशिल्पं पहिल्या दिवसापासून लागलेली असतात, तेव्हा पहिल्याच रविवारी फाटक उघडताना आत जा आणि एकच्या आत बाहेर पडा. मरोळहून भुयारी मेट्रोने थेट हुतात्मा चौक स्थानकात उतरता येतं. लिफ्ट आहे, लोकलच्या पुलांचे जिने टळतात. आईंना गाणं ऐकायचं असेल तर डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेतले किंवा बंद सभागृहातले बसायची सोय असलेले कार्यक्रम वेळापत्रकात शोधा, आणि अर्धा तास आधी जाऊन कडेची खुर्ची घ्या. स्वच्छतागृह कुठे आहे ते आत शिरतानाच स्वयंसेवकांना विचारून ठेवा. गर्दी वाढल्यावर तिथवर पोहोचणंच अवघड होतं.